उतरलो की टोपी परत घेईन

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच लिहितात, मला माहीत आहे. पण ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं त्या दोघी आजही आमच्याच गावात राहतात. एक माझी आई. दुसरी माझी मावशी.

निदान आम्ही तिला मावशी म्हणतो.

आणि हो, रात्र-बित्र काही नव्हती. वडाचं झाड नव्हतं, कुत्रं रडत नव्हतं. लख्ख सकाळ होती. हजारो माणसं होती. बँड वाजत होता. फुकट आइस्क्रीम वाटत होते!

दिवस म्हणजे बालदिन. आमच्या थायलंडमध्ये तो जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी असतो. जागा म्हणजे आमच्या बान दोन यांग गावाजवळचा वायुदलाचा तळ. त्या एका दिवशी त्याचं फाटक पोराटोरांसाठी उघडं असायचं. रणगाड्यावर चढा, हेलिकॉप्टरमध्ये बसा, कुणी रागावत नाही.

माझ्या आईचं टोपणनाव जिप. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, म्हणून गोष्टीत मी तिला जिपच म्हणणार आहे. तिची धाकटी बहीण फाय, सात वर्षांची. फाय म्हणजे कापूस. आणि गोष्टीत 'आई' आली की ती या दोघींची आई. वडील तैवानला कारखान्यात होते. घरात तिघीच.

फाय म्हणजे घरातला भोंगा. सकाळी डोळा उघडला की सुरू.

"ताई, माझी चप्पल! ताई, बघ ना! ताई, ही कोंबडी माझ्याकडे बघतेय!"

चपला कधीच जागेवर नसायच्या. घर लाकडी खांबांवर उभं, वर जायला जिना. एक चप्पल जिन्यात, दुसरी कोंबड्यांच्या खुराड्यात. आणि जेवताना तर वेगळाच खेळ. चिकट भाताच्या छोट्या छोट्या गोळ्या करायच्या, ताटाच्या कडेला ओळीत लावायच्या, मग एकेक हवेत फिरवत तोंडात.

"अगं जेव ना! शेती काय करतेस ताटात?" आई ओरडायची.

"विमानं आहेत आई. रांगेत उभी आहेत. नंबर लागल्याशिवाय कसं उडणार?"

त्या गोळ्या लक्षात ठेवा.

तर त्या सकाळी आईने निखाऱ्यावर भाजलेला अंडं लावलेला भात दोघींच्या हातात कोंबला आणि तिघी निघाल्या. थंडी होती. कापणी झालेल्या शेतांवर धुकं होतं. ते विरेपर्यंत तळावर मुंगी शिरायला जागा नव्हती.

धावपट्टीच्या कडेला एक विमान उभं होतं. राखाडी, टोकदार. त्याच्यापुढे एक तरुण वैमानिक मुलांबरोबर फोटो काढत होता. हसून हसून त्याचे गाल दुखत असणार.

फाय रांग मोडून थेट त्याच्यासमोर.

"तू खरंच विमान उडवतोस?"

"छे, आइस्क्रीम विकतो. हे कपडे भाड्याने आणलेत."

"खोटं!"

"बरं, उडवतो. कुणाला सांगू नकोस."

"नाव काय तुझं?"

"कोप."

कोप म्हणजे बेडूक. झालं! फायला हसू आवरेना.

"ताई! ताई, ऐक ना! बेडूक विमान उडवतो!"

"फाय, गप्प!" आईने हात जोडून त्याची माफी मागितली. तो मात्र गुडघ्यावर बसला होता.

"आणि तू कोण गं?"

"फाय."

"कापूस? मग तर बरंच झालं." त्याने डोळे मिचकावले. "बेडूक पडला तर कापसावरच पडेल. लागायची भीती नाही."

सगळे हसले. आईसुद्धा.

तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. तो उठला. डोक्यावरची निळी टोपी काढून त्याने फायच्या डोक्यावर ठेवली. तिचे कान, डोळे सगळं टोपीत गेलं.

"सांभाळ. उतरलो की परत घेईन. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. शब्द?"

"शब्द!" टोपीच्या आतून आवाज आला.

तो विमानाकडे गेला. वळून दोन बोटं भुवईला लावली.

बस्स. एवढीच ओळख.

विमान वर गेलं तेव्हा जिपने कानात बोटं घातली. छाती धडधडावी असा आवाज. ते उलटं झालं, सरळ झालं, ढगात घुसलं, बाहेर आलं. निवेदक माईकवर ओरडत होता, "मुलांनो, टाळ्या!" आणि हजारो हात वाजत होते.

मग ते खाली आलं. खूप खाली.

आणि...

जिप आजही सांगते, आधी आवाज गेला. सगळाच. बँड समोर वाजताना दिसत होता, पण ऐकू येत नव्हता.

धावपट्टीच्या पलीकडे निलगिरीच्या झाडांची रांग आहे. विमान त्या रांगेमागे गेलं.

वर आलं नाही.

झाडांमागून नारिंगी गोळा उठला. त्यावर काळा धूर.

आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना काय कळणार? त्यांना वाटलं, हाही खेळच. सगळ्यात जोरात फाय वाजवत होती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, उड्या मारत. मग मोठ्या माणसांचे चेहरे बघून एकेक पोर थांबत गेलं. शेवटी एकाच जोडीचा आवाज उरला.

टप. टप. टप.

फायचे डोळे झाडांवर होते. हात वाजतच होते. पण चेहऱ्यावर काही नव्हतं. घर उघडं टाकून माणसं निघून गेल्यावर घर दिसतं ना, तसा चेहरा.

आईने तिचे हात धरले तेव्हा ते थांबले.

विमान का पडलं ते आमच्या गावात कुणालाही आजवर नीट कळलेलं नाही.

त्या दिवसापासून फाय बोलेना. जेवेना. रात्री अंग तापलं. सकाळी शेजारची म्हातारी येऊन बघून गेली.

"पोरगी आहे, पण तिचा ख्वन नाही अंगात," ती म्हणाली. "तिथंच राहिलाय. जा, घेऊन ये."

ख्वन म्हणजे माणसातलं ते, जे दचकलं की उडून जातं. आमच्याकडे लहानपणी प्रत्येकाचा एकदा तरी गेलेला असतो. माझा म्हशीने शिंग दाखवलं तेव्हा गेला होता. मग घरातली बाई मासे धरायचं गोल हातजाळं घेऊन त्या जागी जाते. जाळ्यात उकडलेलं अंडं, केळं, भात ठेवते. आणि दचकला त्या वेळी अंगावर जे जे होतं ते सगळं, म्हणजे ख्वनला आपलं माणूस ओळखता यावं. हाक मारते. हवेतून जाळं फिरवते, पाण्यातून मासा काढावा तसं. मग तडक घरी. वाटेत बोलायचं नाही. मागे बघायचं नाही. घरी आल्यावर मनगटाला पांढरा दोरा बांधला की झालं.

सोपं आहे. शेकडो वर्षं करतोय आम्ही.

आईने जाळ्यात फायचा फ्रॉक ठेवला. स्वेटर ठेवला.

आणि टोपी ठेवली.

अंगावर होती ना. नियम तो नियम.

दुपार कलताना आई आणि जिप तळाच्या कुंपणापाशी गेल्या. आत सोडत नव्हते. पहारेकऱ्याने जाळं बघितलं, मान हलवली आणि पाठ फिरवून उभा राहिला. तोही इकडचाच असणार.

झाडांचे शेंडे काळे पडले होते. जळक्या तेलाचा वास होता.

आईने जाळं उंच धरलं.

"ये बाळा, ये... झाडीत असशील तर बाहेर ये. वर असशील तर खाली उतर. आभाळ आपलं घर नाही. घरी चल. भात शिजलाय, आई वाट बघतेय..."

वारा नव्हता. तरी जाळं हललं.

आणि खाली गेलं. आईचा हात एकदम लवला, पाण्याने भरलेली बादली कुणी हातात द्यावी तसा.

आईचा चेहरा उजळला. जड झालं म्हणजे आलं!

पण घरी जाताना जिप बघत होती. आईने जाळं डाव्या हातात घेतलं. परत उजव्या. मग दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिचा श्वास लागला होता. भाताची पोती उचलणारी बाई ती.

सात वर्षांच्या पोरीचं असं किती वजन असतं?

विचारायचं होतं. पण वाटेत बोलायचं नसतं.

घरी दोरा बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधला. पुन्हा सुटली. आईने दात लावून तिसरी गाठ मारली. फायने डोळे उघडले.

"आई..." ती म्हणाली.

आई रडायलाच लागली. जिपही.

मग फायने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. ओळख लागायला वेळ लागावा तसं.

"...जिप," ती म्हणाली.

ताई नाही. जिप.

ताप मात्र उतरला नाही. आणि तेव्हापासून घरात एकेक सुरू झालं.

पहिलं म्हणजे जिना.

रोज पहाटे उजाडता उजाडता जिन्याच्या पायथ्याशी आवाज यायचा.

थप...

थप.

जड बूट काढून कुणी एकेक करून खाली ठेवावेत, तसा. जिप धावत जाऊन बघायची. काही नसायचं. आईच्या चपला, तिच्या चपला. आणि फायच्या चपला. शेजारी शेजारी. नीट जोडलेल्या. तोंडं बाहेरच्या बाजूला.

"आई, फायच्या चपला तू लावल्यास?"

"मला तेवढंच काम उरलंय!"

"मग कुणी लावल्या?"

"तिनेच लावल्या असतील. आली अक्कल पोरीला, तर त्याचंही तुला दुखतंय?"

दुसरं म्हणजे आमच्या छपरातली मोठी पाल. संध्याकाळ झाली की टोक्के, टोक्के करायची, कान किटायचे. ती गप्प झाली. गेली नव्हती, तुळईला चिकटलेली दिसायची. पण फाय खोलीत असली की आवाज नाही.

तिसरं... फाय मधेच वर बघायची. काहीही नसताना. मान वर करून, डोळे बारीक करून थांबायची. आणि मग, जरा वेळाने, लांबून विमानाचा आवाज सुरू व्हायचा.

प्रत्येक वेळी.

भाताच्या गोळ्या बंद झाल्या. ताटाशी ताठ बसायची, चमच्याने चार घास खायची, ताट नीट सरकवून ठेवायची. गोड दुधाशिवाय न जगणारी पोर आईची काळी कॉफी मागायला लागली. साखर नको म्हणाली. एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पाठ भरून आलीये."

सात वर्षांची पोरगी!

जिप तिच्यावर लक्ष ठेवायला लागली. तिला बोलतं करायला बघायची.

"फाय, खुराड्यातली कोंबडी तुझ्याकडे बघतेय."

"बघू दे."

"फाय, ताई म्हण ना."

"कशाला?"

आणि टोपी. ती फायने उशाखाली घातली होती. आईने एकदा काढायला हात घातला तर फायने तिचं मनगट धरलं. तापाने फणफणलेली, काडीसारखी झालेली पोर. पण आईला हात सोडवता येईना.

"नाही द्यायची," फाय म्हणाली. "शब्द दिलाय."

मग हात सोडून आईकडे अगदी शांतपणे बघत तिने विचारलं, "आईला कळवलं का?"

"अगं... मीच आई आहे ना?"

फायने फक्त वर बघितलं.

त्या दिवशी आईने दवाखाना, देऊळ, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले धक्का बसलाय. भन्ते म्हणाले दोरा काढू नका. फाय वाळत चालली होती. जिपला एकच कळत होतं, आपल्याला आपली फाय परत हवी. आणि अंथरुणात जी आहे ती फाय आहे की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं.

एका सकाळी दारात राखाडी गाडी थांबली.

काळ्या कपड्यातली एक बाई उतरली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, दक्षिणेकडची बोली. तिने जिन्याखालीच हात जोडले.

"मी लमाय. कोपची आई."

आईने तिला वर बोलावलं, पाणी दिलं. बाईने पाण्याला हात लावला नाही.

"तळावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. आमच्या आधी एक बाई जाळं घेऊन आली होती म्हणाला."

"माझ्या मुलीसाठी आले होते, ताई. ती घाबरली होती."

"आम्ही तुमच्यानंतर दुसऱ्या दिवशी आलो. भन्ते होते बरोबर. हाक मारली त्याला. गाडीत बसवलं. सगळ्या वाटेने सांगत गेले मी, बाळा पूल आला, बाळा वळण आलं, चुकू नकोस." बाईचा आवाज अगदी सरळ होता. "घरी पोचलो. गाडी रिकामी होती. आईला कळतं."

मग तिने आईकडे सरळ बघितलं.

"तुम्ही काय नेलंत, बाई?"

"माझ्या पोरीचा ख्वन नेला! दुसरं काय नेणार?"

"नुसता पोरीचा?"

"ताई, तुमचं दुःख मोठं आहे म्हणून ऐकून घेतेय. चोरी करायला आले होते का मी?"

"मी चोर म्हटलं नाही. विचारतेय. जाळ्यात काय काय ठेवलं होतं?"

"फ्रॉक, स्वेटर..." आई थांबली.

तिला तेव्हाच कळलं. जिपने ते तिच्या चेहऱ्यावर बघितलं.

"...टोपी," जिप म्हणाली.

बाई उठली. पण खोलीकडे गेली नाही. जिन्याच्या तोंडाशी थांबून खाली बघत राहिली. फायच्या चपलांकडे.

"शाळेत होता तेव्हापासून अश्शाच ठेवायचा," ती म्हणाली. "तोंडं बाहेर. म्हणायचा, निघताना वेळ जात नाही."

आतून पावलांचा आवाज आला. गेले काही दिवस अंथरुणाला खिळलेली फाय दारात उभी होती. टोपी छातीशी धरलेली. तिने त्या बाईकडे बघितलं आणि हळूच दोन बोटं भुवईला लावली.

बाईने तोंडात रुमालाचा बोळा कोंबला.

त्याच संध्याकाळी, ऊन असतानाच, सगळ्या कुंपणापाशी गेल्या. फायला जिपने पाठुंगळी घेतलं होतं. काहीच वजन नव्हतं तिला... असं जिपला वाटलं. मग जरा चालल्यावर तिचे गुडघे वाकायला लागले.

ठरलं असं होतं. टोपी फायने स्वतःच्या हाताने द्यायची, म्हणजे शब्द मोडणार नाही. आई फायचा हात घट्ट धरून ठेवणार. लमायबाई फक्त आपल्या मुलाला हाक मारणार. जो ज्याचा तो त्याच्याकडे जाईल.

लमायबाईच्या हातात ताट होतं. त्यात मुलाचा सदरा, फुलं, उदबत्ती.

"दे बाळा," ती म्हणाली.

फायने झाडांकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग टोपी ताटात ठेवली.

"चल रे," लमायबाई म्हणाली. "झालं उडून. दमला असशील. खाली उतर. आई न्यायला आलीये, घरी चल..."

फायने एक पाऊल पुढे टाकलं.

"फाय!" आईने तिचा हात ओढला.

मनगटावरचा दोरा तुटला. पांढरा तुकडा गवतात पडला.

आणि जिपने ऐकलं... अगदी कानापाशी... टाळ्या. छोट्या हातांच्या. टप. टप. टप. लांब जात जात थांबल्या.

फाय आईच्या अंगावर कोसळली. अंगाला घाम फुटला होता. ताप उतरत होता!

आई तिला कवटाळून रडत होती. लमायबाई वळली, ताट घेऊन गाडीकडे चालायला लागली. "बाळा, इथं खड्डा आहे, सांभाळ. बाळा, रस्ता ओलांडतोय..."

जिप तिच्याकडे बघत होती.

लमायबाईने ताट एका हातात धरलं होतं. दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. ताट तिच्या बोटांवर असं तरंगत होतं, जणू त्यात...

जणू त्यात कापूस ठेवलाय.

"आई," जिप कुजबुजली. "आई, ते हलकं आहे!"

"गप्प."

"अगं पण आपण आणलं तेव्हा किती जड—"

"जिप! वाटेत बोलायचं नसतं!"

गाडी निघून गेली.

फाय बरी झाली. खरंच बरी झाली. महिनाभरात गालावर मांस आलं. अभ्यासात पहिली यायला लागली. आई प्रत्येक पौर्णिमेला देवळात फुलं वाहायची आणि हा विषय कुणी काढला की उठून जायची.

जिनाही वाजायचा थांबला. म्हणजे पहाटेचा.

आता माझं ऐका. इथून पुढे 'आई' म्हणजे माझी आई, जिप.

फायमावशी आमच्याच शाळेत गणित शिकवते. सगळ्या शाळेत तिच्याइतकी मस्त बाई नाही. मला सायकल तिने शिकवली, पोहायला तिने शिकवलं, वर्गात हात वर करून बोलायला तिने शिकवलं. पडले तर म्हणते, "ऊठ. मशीन ठीक आहे ना? मग परत वर." मी तिच्यावर जीव टाकते. हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

ती काळी कॉफी पिते. साखर नको. तिला पाठीचा त्रास आहे. ती माझ्या आईला जिप म्हणते.

तशा पुष्कळ बहिणी नावाने हाक मारतात. काळी कॉफी तर काय, अर्धं गाव पितं. मीही आईला हेच म्हणायचे. "आई, तू पण ना! काहीही!"

या वर्षीच्या बालदिनापर्यंत म्हणायचे.

दर बालदिनाला लमायआजीचा फोन येतो. आता खूप म्हातारी झालीये ती. या वर्षी तिच्या भाचीने व्हिडिओवर जोडून दिलं. मी आईच्या खांद्यावरून बघत होते. मागे भिंतीवर गणवेशातला फोटो. त्यापुढे मांडलेलं पान, रोजचं.

"बरा आहे तो," आजी म्हणाली. "घरीच आहे. त्या दिवशी आला तो आलाच. उदबत्ती लावली की जाणवतं. फक्त अलीकडे जरा खेळकर झालाय. हे बघ."

तिने फोन खाली नेला.

ताटात भात होता. साधाच भात, तिकडे खातात तसा मोकळा.

ताटाच्या कडेला त्याच्या छोट्या छोट्या गोळ्या होत्या.

ओळीत.

आईचा हात माझ्या मनगटावर आवळला.

"लहानपणी असं कधी करत नव्हता बघ," आजी हसत होती. "तिकडे वेळ जात नसेल. आणि एक विचारायचं होतं तुला, जिप. काल पहिल्यांदा बोलला. आवाज अगदी बारीक, पोरीसारखा. मला तर काही उमगेना."

"काय... काय म्हणाला?"

"विचारत होता, ताई कुठंय?"

आईने फोन आणखी जवळ धरला.

"माझा तर एकुलता एक होता गं," आजी म्हणाली. "त्याला कुठली ताई?"

तेवढ्यात आमच्या छपरातली पाल बोलता बोलता थांबली.

खाली जिन्याच्या पायथ्याशी आवाज आला.

थप...

थप.

मी वाकून बघितलं. फायमावशीच होती. बालदिनाचा कार्यक्रम आटोपून शाळेतून थेट आलेली. तिने चपला जोडून ठेवल्या, तोंडं बाहेर. आमच्यासाठी आइस्क्रीम आणलं होतं. जिना चढता चढता मधेच थांबली, मान वर केली, डोळे बारीक केले.

आभाळात काही नव्हतं.

"जिप," तिने हाक मारली, "कॉफी टाक गं. काळी."

आईने फोन पालथा ठेवला. उठली. कॉफी करून आणली, मावशीला ताट वाढलं. मग माझ्या डोळ्यांदेखत तिने टोपलीतला चिकट भात घेतला, बोटांनी एक छोटी गोळी केली आणि मावशीच्या ताटाच्या कडेला ठेवली.

आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

मावशीने गोळीकडे बघितलं. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघून हसली.

मग चमच्याने ती गोळी अलगद बाजूला सरकवली आणि जेवायला लागली.

लांबून विमानाचा आवाज यायला लागला होता.